घमेलंभर ओली वाळू

“आबा, आपला सुभेदार नाही, सुभेदारीण आहे! पोटात अंडी आहेत!” जनावरांच्या दवाखान्यातून परतलेली ऊर्मिला दारातूनच ओरडली. तिच्या हातातल्या डब्यात तिचा लाडका बिअर्डेड ड्रॅगन ‘सुभेदार’ मलूल पडला होता. “उकरायला ओली वाळू मिळाली नाही, तर अंडी आतच राहतील. अडलीय ती, आबा!”

आबा म्हणजे तिचे सासरे. या दाढीवाल्या सरड्याला ते ‘पालीचा थोरला भाऊ’ म्हणून हिणवायचे, जवळही फिरकायचे नाहीत. पण ‘अडलीय’ ऐकताच ते अनवाणीच शेजारच्या बांधकामावर धावले. मुकादमाकडून घमेलंभर वाळू मागून आणली, चाळली आणि मूठ वळेल इतकी भिजवली.

सुभेदारीण वाळूत उतरली. आधी नुसतीच बसून राहिली. मग पुढच्या पायांनी अशी उकरत सुटली, की वाळू थेट आबांच्या चष्म्यावर उडाली. ते जागचे हलले नाहीत. “कर बाई, कर,” एवढंच पुटपुटत राहिले.

दिवेलागणीला ती बाहेर आली, तेव्हा पोट खपाटीला गेलं होतं. ऊर्मिलाने वाळू अलगद बाजूला सारली. आत पांढरीशुभ्र अंडी!

“नराशिवायची आहेत, आबा. यातून पिल्लं नाही यायची.”

“न येईनात का! ती सुटली ना?” आबांनी आयुष्यात पहिल्यांदाच तिला दोन्ही तळहातांवर घेतलं आणि स्वयंपाकघरातल्या बायकोला हाक मारली, “अगं, बाळंतिणीला आधी खायला काय द्यायचं?”