दुपारची गोळी

कोल्हापूरच्या शालनताईंना स्नायूंची ताकद जाण्याचा दुर्मिळ आजार जडून अकरा वर्षं झाली होती. नवा रुग्ण सापडला, की त्या आपणहून धीर द्यायला जात. २००३ साली त्या मलकापूरला, याच आजाराचं नुकतंच निदान झालेल्या श्रुतीकडे गेल्या, तेव्हा पोरगी भीतीने गोळ्यांना हातच लावत नव्हती. "माझ्याकडं बघ, मला काय झालंय?" असं म्हणतानाच शालनताईंची पापणी खाली आली. प्रवासाच्या गडबडीत त्यांची दुपारची गोळी राहिली होती. "मावशी, तुमचा डोळा मिटाय लागलाय की!" श्रुती ओरडली. "भिऊ नको" म्हणायला गेल्या, तर जीभ जड झालेली. कशीबशी गोळी गिळून त्यांनी तिचा हात धरला. आता श्वास अडकला तर? दोघी घड्याळाकडे बघत बसल्या. तासाभराने डोळा उघडला. शालनताई म्हणाल्या, "मीबी लई भ्यालते, पोरी." श्रुतीने हात न सोडता आपली गोळी तोंडात टाकली.