शहरातली तीस दालनं

विद्यापीठवाल्यांनो, तुम्ही चोर आहात. पोरांची पदवीनंतरची वर्षं चोरता, धुऊनपुसून घेता आणि नव्या पोरांना भुलवायला प्रवेशद्वारावर टांगता. यंदा प्रवेशाच्या जाहिरात फिल्मसाठी तुम्हाला एक यशस्वी शिल्पकार हवा होता. तो तुम्हाला सापडला कपड्यांच्या दुकानांतले पुतळे बनवणाऱ्या कारखान्यात.

तिथे त्याला शिल्पकार कुणी म्हणत नाही. डिग्री म्हणतात.

"ए डिग्री, केस विंचर की जरा! टीव्हीवर येणारेस," रंगारी ओरडला. "आणि आमचीही ओळख करून दे. सांग, हे माझे गुरुजी."

सगळे हसले. डिग्री हसला नाही. विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागाच्या मॅडमनी त्याला मास्क काढायला लावला होता आणि धुळीने माखलेल्या शर्टावर कोरा पांढरा ॲप्रन चढवला होता. आता त्यांनी पिशवीतून मातीचा ओला गोळा काढला.

"हाताला थोडी माती लावा. बोटांना. हां, छान."

या कारखान्यात माती नसते. साच्यातून फायबरचे हात निघतात, अर्धे अर्धे. ते चिकटवायचे, सांध्यात लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, वाळली की पॉलिश पेपरने घासत बसायचं, जोड दिसेनासा होईपर्यंत. डिग्री दिवसभर तेवढंच करतो.

त्याची बहीण कॅमेऱ्यामागे उभी होती. सकाळच्या गाडीने आलेली, बॅग अजून पाठीवरच. दादाच्याच विद्यापीठात शिल्पकलेला तिचा नंबर लागला होता, आणि घराजवळ लॅब टेक्निशियनच्या कोर्सलाही. उद्या एका जागेवर पाणी सोडायचं होतं. आई म्हणाली होती, दादाचं कसं चाललंय ते डोळ्यांनी बघ आणि काय ते ठरव. दादा फोनवर कधी खोटं बोलला नव्हता. पुतळ्यांचं काम आहे, एवढंच सांगायचा. घरच्यांनी त्यावर चौकातले पुतळे उभे केले होते.

ती बिनडोक्याच्या बायकांच्या रांगेकडे बघत होती.

"वाक्य तेवढं स्पष्ट म्हणा," मॅडम म्हणाल्या. "माझी शिल्पं आज शहरातल्या तीस दालनांत उभी आहेत."

"मॅडम, दालनांत म्हटलं की लोकांना वाटेल..."

"साड्यांचं दालन असतं, चित्रांचंही दालनच असतं. आणि पुतळा म्हणजे शिल्प नाही तर काय? यातला एक शब्द खोटा दाखवा, आत्ता खोडते."

"शब्द खोटा नाहीये."

"मग झालं तर! कुणाला काय वाटेल त्याला आपण काय करणार?" मॅडमनी आवाज खाली आणला. "हे बघा, विभागप्रमुख सरांनी तासिका तत्त्वावर शिकवायला तुमचं नाव धरलंय. फिल्म बघूनच ठरवणार आहेत. तुम्हाला शिकवायचंय ना? की जन्मभर लांबीच भरायचीय?"

शिकवण्यासाठी त्याचा जीव तुटत होता. विभागप्रमुखांच्या दाराशी त्याने किती खेटे घातले होते, ते त्याचं त्यालाच माहीत.

"रोलिंग," कॅमेरावाला म्हणाला.

"माझी शिल्पं आज शहरातल्या तीस..." डिग्रीला ठसका लागला. मॅडमनी पाण्याची बाटली पुढे केली. दुसऱ्या वेळी वाक्य पुरं झालं, दालनांसकट. रंगाऱ्यानेही कामात डोकं घातलं.

"मस्त! आता नव्या विद्यार्थ्यांसाठी एकच ओळ. 'या, तुमची वाट बघतोय.' अगदी मनापासून. लेन्समध्ये बघा, वर नको."

लेन्सच्या वर, कॅमेऱ्यामागे, बहीण होती. डिग्री लेन्समध्ये बघायचा आणि नजर पुन्हा वर जायची. तोंड उघडलं, मिटलं.

बहिणीने टेबलावरचा एक फायबरचा हात उचलला.

"दादा, ही बोटं कशी हवीत ते तू ठरवलंस?"

"नाही. साचे बाहेरून येतात."

"मग यात तुझं काय?"

"जोड घासला."

तिने मनगटावरून अंगठा फिरवला. उलटा करून, उजेडात धरून पाहिला. "कुठेच दिसत नाही," ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

"बाळा, मध्ये बोलू नकोस, रेकॉर्ड होतंय," मॅडम म्हणाल्या. "कट करा हो."

कॅमेऱ्यावरचा लाल दिवा तसाच राहिला.

"अहो, कट म्हटलं मी!"

"ऐकलं," कॅमेरावाला डोळा न काढता म्हणाला. "गेल्या वर्षीच्या फिल्ममध्ये मी होतो, मॅडम. माझ्या नावाखाली लिहिलंत, 'चित्रपटसृष्टीत स्वतंत्रपणे कार्यरत.' ओळखलं नाहीत तुम्ही. लग्नांचे व्हिडिओ काढतो. चालू राहू दे."

मॅडम कॅमेऱ्यापुढे हात धरायला निघाल्या. त्याच्या आत बहीण पुढे आली आणि लेन्स आणि मॅडम यांच्यामध्ये उभी राहिली. फायबरचा हात तिने दादाच्या पुढ्यात ठेवला.

"तासिका मिळाली तर पहिल्या वर्षाला शिकवणार ना तू?"

"हो."

"म्हणजे मी तुझ्या समोर बसलेली असणार."

त्याच्या बोटांवरची माती वाळून पांढरी पडायला लागली होती.

"मग पहिल्या तासाला उभा राहून मला जे सांगणार आहेस ना दादा, ते आत्ता सांग. त्यांच्याकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. येऊ का मी? हो की नाही?"