दूधबहीण

“लल्ला तूदा, दूध थांबवायचं कसं?” इट्टोने दारातच विचारलं.

खोलीत खेटून बसलेल्या बायकांनी माना वळवल्या. शुक्रवारी पुरुष मशिदीत गेले की अ‍ॅटलास पर्वताच्या उतारावरच्या त्या गावातल्या लेकुरवाळ्या तूदाच्या घरी जमायच्या आणि तिला मानाने लल्ला म्हणायच्या. बाळाला कसं धरावं, दूध कसं वाढवावं, हे तूदा सगळ्यांची टिंगल करत शिकवायची. थांबवायचं कसं, हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. इट्टोची तान्ही मुलगी सोमवारी गेली होती.

“आधी बस. जवाची पेज घे थोडी.”

“पेजेने वाढेल ते, लल्ला.”

दोघीतिघींनी दृष्ट लागेल या भीतीने आपली बाळं हळूच शालीखाली घेतली. तूदाने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्या ओशाळल्या.

कोपऱ्यात यमनाचा मुलगा रडत होता. रडणं कसलं, नुसतं कण्हणं. बाळंतपणापासून यमनाच्या अंगात ताप होता, दूध उतरलंच नव्हतं आणि तूदाचे सगळे उपाय करून झाले होते. त्या आवाजाने इट्टोचा झगा छातीशी ओला झाला. तिने घाईने हात आडवे घेतले. यमनाने ते पाहिलं आणि बाळ तिच्यापुढे धरलं.

“शुद्धीवर आहेस का?” यमनाची सासू हद्दा कडाडली. “एक घोट पोटात गेला की भाऊबहिणीचं नातं लागतं. मेलेल्या पोरीशी नातं जोडतेस माझ्या नातवाचं?”

“भाऊ व्हायला तो जगायला तर हवा ना, आई.”

हद्दाने तोंड फिरवलं. इट्टोने बाळाला छातीशी घेतलं. बाळ जरा चाचपडलं, मग त्याने घट्ट धरलं आणि गटागट पिऊ लागलं. तूदाने इट्टोच्या कोपराखाली उशी सरकवली. इट्टोला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची इतकी लाज वाटली की तिला रडू आवरेना.

बऱ्याच वेळाने हद्दाने भिंतीकडे बघतच विचारलं, “नाव काय होतं गं तिचं?”

“ठेवलंच नव्हतं. सातव्या दिवशी ठेवणार होतो. ती तेवढी थांबली नाही.”

“मग आता ठेव,” म्हातारी म्हणाली. “बहिणीचं नाव भावाला ठाऊक नको?”

इट्टो पिणाऱ्या बाळाच्या कानाशी वाकली आणि आपल्या मुलीचं नाव तिने पहिल्यांदा उच्चारलं.