मिशनघराचा चुना

उरियाच्या गळ्यात आणखी एक फुलांची माळ पडली. आता त्याला हनुवटी हलवता येईना. त्यानं डोळे खाली वळवले, तर बायका फिदीफिदी हसल्या.

"लाजतोय बघा गवंडी!"

लाज वाटतच होती त्याला. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

समोर जुनं मिशनघर उन्हात पांढरंशुभ्र झळकत होतं. सरकारनं जपायला घेतलेलं घर. भिंती प्रवाळाच्या, म्हणून गिलावाही प्रवाळ जाळून केलेल्या चुन्याचाच हवा. आमच्या माउके बेटावर समुद्रातल्या खडकावर बंदी आहे, तिथला तुकडाही उचलायचा नाही. या घरापुरती ती बंदी गावानं उठवली. बायकांनी पाठीवरून प्रवाळ वाहिला, लाकडांवर रचून जाळला, हात भाजून घेतले आणि खड्डाभर चुना भिजवून उरियाच्या हवाली केला. ऑकलंडात गवंडीकाम करून आलेला गावचा माणूस, दुसऱ्या कुणाला द्यायचा?

चुन्याचं काम धीराचं. एक हात मारा, सुकेपर्यंत थांबा, मग दुसरा. राजधानीच्या बेटावरून, रारोटोंगाहून, मंत्री यायची तारीख तर ठरलेली, आणि हा बाबा आल्या आल्या घरोघर पाहुणचार झोडत बसला. मग तारीख अंगावर आली. त्यानं भिंतींभोवती ताडपत्र्या लावल्या, "चुना डोळ्यांत जाईल, कुणी फिरकायचं नाही," असं सगळ्यांना दटावलं, आत सिमेंट थापलं आणि वरून चुन्याची सफेदी फिरवली. खड्डा मागच्या आवारात पत्र्याखाली झाकला. सिमेंटखाली प्रवाळाची भिंत ओल धरते, आतल्या आत कुजते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

पाद्रीबाबांनी प्रार्थनेत देवाच्या खालोखाल उरियाचंच नाव घेतलं. मंत्र्यांनी हात मिळवला. मग पानं वाढली.

तेपाएरू मावशी काठी टेकत आली. सगळ्यांत जास्त प्रवाळ या म्हातारीनं वाहिलेला. तिनं त्याच्या पानात डुकराच्या मांसाचा भला मोठा तुकडा टाकला.

"खा रे मेल्या, किती वाळलायस!"

"पोट भरलंय, मावशी."

"ऑकलंडात जाऊन नखरे शिकलास होय?" ती त्याच्या शेजारी टेकली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "एक मागायचंय. नाही म्हणायचं नाही."

"बोल ना."

"चुना उरलाय का रे थोडा? आमचे म्हातारबुवा अंगणात निजलेत, त्यांच्याशेजारची जागा माझी. हल्ली सगळ्यांची थडगी सिमेंटची. उन्हात कसली तापतात मेली! त्यात मी उकडून मरेन." स्वतःच्याच बोलण्यावर ती खुदकन हसली. "बंदी तर परत लागली. आता मी कुठली चुना जाळायला जगतेय? घमेलंभर असला तरी ठेव झाकून. माझ्या हातचा चुना माझ्या अंगावर पडू दे."

उरियानं मनात हिशेब केला. 'हो' म्हटलं की संपलं. एक घमेलं नेऊन द्यायचं, म्हातारी खूश, गाव खूश, आणि भिंत कुजेपर्यंत तो परत ऑकलंडात. कुणाला पत्ता लागणार होता? पण मावशी भाजलेले हात मांडीवर ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत बसली होती. त्याला ते हात बघवेनात.

त्यानं गळ्यातल्या माळा एकेक करून काढल्या आणि पानाशेजारी ठेवल्या.

"अरे, काढतोस कशाला? शोभतात की!"

"मावशी," उरिया म्हणाला, "एक बादली सोडली तर सगळा उरलाय."