भोंगा झाला की थांबा

भोसरीच्या शाळेत कॉम्प्युटर यायचा होता, तोवर सुमनबाईच कॉम्प्युटर झाल्या. "लिहाल तेवढंच करीन," त्यांनी बजावलं. "स्वतःचं डोकं चालवणार नाही." कस्तुराने फळ्यावर प्रोग्राम लिहिला: टेबलाभोवती फिरा, कंपनीचा भोंगा झाला की थांबा. बाई फिरू लागल्या. मुलं हसली, मग एकेकाच्या लक्षात आलं. कंपनीला गणपतीपासून टाळं होतं, निम्म्या वर्गाचे वडील घरी बसून होते. भोंगा होणार कुठून? "चुकलं, बाई, सवयीने लिहिलं." कस्तुराने डस्टर उचललं. "राहू दे," बाई धापा टाकत म्हणाल्या. "आज कंपनीच्या गेटवर बोलणी चाललीत." आणि फिरत राहिल्या. खिडकीच्या काचा थरथरल्या. भोंगा झाला. बाई जागच्या जागी थांबल्या. कस्तुराच्या हातातलं डस्टर पडलं. "बाई, घरी जाऊ? आईला बाबांचा डबा भरायला सांगते." "जा," बाई म्हणाल्या. "हे मात्र माझ्या डोक्याने सांगतेय."