गजराचे घड्याळ

“कुंभकर्णा, ऊठ!” अशी चिठ्ठी शार्दूलने गजराच्या नव्या घड्याळावर डिंकाने पक्की चिकटवली आणि खोलीत हशा पिकला.

त्यांची आवडती जपानी ॲनिमे मालिका काही वर्षांपूर्वी ऐन रंगात येऊन बंद पडली होती. वादळात सापडलेली नायिका तरली की बुडाली, यावर सांगलीची ही चाहतेमंडळी अजूनही हमरीतुमरीवर येत. झोपाळू दिग्दर्शकाला जागे करण्यासाठी दरवर्षी एक घड्याळ जपानला धाडायचे, ही शक्कल शार्दूलची.

त्या दुपारी ऋजुताच्या लॅपटॉपवर प्रथमच उत्तर आले. चित्रफितीत दिग्दर्शकांची पत्नी बोलत होती. मागे पलंगावर ते स्वतः निजलेले होते आणि उशाशी सारी घड्याळे ओळीने मांडलेली होती. जपानी शिकलेली ऋजुता अर्थ सांगू लागली.

“त्या म्हणतात, पक्षाघातानंतर ह्यांचा उजवा हात उचलला जात नाही. ही बातमी तुम्हाला कशी कळली, ठाऊक नाही. चिठ्ठ्यांची लिपी आम्हाला वाचता येत नाही. पण औषधाची वेळ चुकू नये म्हणून तुम्ही घड्याळे पाठवता, हे आम्ही ओळखले. ही मायेची कल्पना प्रथम कोणाला सुचली? त्या व्यक्तीसाठी हे डाव्या हाताने चित्र काढणार आहेत.”

पडद्यावरची बाई कमरेतून वाकली.

“कळवू का रे तुझे नाव?” ऋजुताने हलकेच विचारले.

शार्दूल नखाने चिठ्ठी खरवडत होता. ‘कुंभकर्णा’ कसेबसे निघाले. ‘ऊठ’ मात्र काचेला घट्ट चिकटून राहिले.