मुटका

सिद्धी तिसऱ्यांदा धक्क्याच्या कडेला गेली, पायाचे अंगठे कडेबाहेर काढले, खाली पाहिलं आणि पुन्हा मागे आली.

भरती पूर्ण आली होती. खाली पाणी हिरवंगार, नितळ. ग्रेट बॅरियर बेटावरच्या त्या लाकडी धक्क्यावरून बेटावरची पाच-सहा पोरं एकामागून एक उड्या घेत होती. साधी सरळ उडी नव्हे. हवेतच अंग दुमडायचं, बूड आधी पाण्यावर आदळायचं आणि कारंजं उडवायचं. ज्याचं पाणी सगळ्यात उंच, त्याची सरशी. त्या उडीला ती 'मनू' म्हणत. मनू झाली की खालचं पोर डोकं वर काढून विचारायचं, किती उंच? आणि लाल टॉग्जमधली, म्हणजे पोहायच्या कपड्यांतली अनाहेरा, त्यांची म्होरकी, हात वर करून दाखवायची.

सरलाबाई बॅगांपाशी बसून हे चार दिवस बघत होत्या. त्यांचा मुलगा शार्दूल त्यांना आणि नातीला शहरातल्या बॉटनी डाउन्सहून इथं घेऊन आला होता, कारण इथं काहीच नाही. सिग्नल नाही, गर्दी नाही, एक डेअरी, म्हणजे वाणसामानाचं दुकान, आणि एक रस्ता. आईला आराम मिळेल, असं त्याचं म्हणणं. चालताना तो त्यांचा दंड धरायचा, कातळ आला की थांबवायचा. पहिल्याच दिवशी धक्क्यावरचा तो धबाधबा आवाज ऐकला आणि सरलाबाईंच्या पोटऱ्यांना मुंग्या आल्या. त्या मुंग्या अजून गेल्या नव्हत्या. आज शेवटचा दिवस होता, तीनची परतीची फेरीबोट.

सिद्धी शेजारी येऊन बसली. नऊ वर्षांची पोर, शाळेच्या तलावात माशासारखी पोहते, पण डोळे भरले होते. सरलाबाईंनी तिला सांगितलं, खाली बघायचंच नाही, समोरच्या डोंगराकडे बघायचं, पाय सुटले की गुडघे पोटाशी घ्यायचे आणि श्वास आत धरायचा. सिद्धीने नाक ओढलं.

"यू'व्ह नेव्हर डन इट, आजी."

 सरलाबाई उठल्या. ओढणी काढून कमरेला घट्ट आवळली, सलवार वर खोचली, पायातल्या रबरी जॅन्डल्स बाजूला सारल्या. पोहुतुकावाच्या झाडाच्या सावलीत पुस्तक वाचत बसलेल्या शार्दूलला काहीतरी वेगळं दिसलं असावं. तो धावत येईपर्यंत त्या धक्क्याच्या मध्यावर पोचल्या होत्या.

"धर," म्हणत त्यांनी चष्मा त्याच्या हातात दिला. मग रुमाल काढला, पाठमोऱ्या झाल्या, आणि कवळीही रुमालात गुंडाळून त्याच्या हातावर ठेवली.

शार्दूल भडाभडा बोलू लागला. पाणी थंड आहे, तुझं वय सहासष्ट आहे, इथं डॉक्टरसुद्धा धड जवळ नाही. शेवटी त्याने विचारलं,

"आई, तुला पोहता कुठे येतं?"

"तू विचारलंस कधी?"

तासगावजवळच्या माहेरच्या विहिरीत सरलाबाई कमरेला सुके भोपळे बांधून पोहायला शिकल्या होत्या, आणि चौदाव्या वर्षी विहिरीच्या काठावरच्या थारोळ्यावरून गुडघे पोटाशी घेऊन असा मुटका मारायच्या की वर उभ्या असलेल्या चुलतभावांचे सदरे भिजायचे. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन पुण्याला आल्या. त्यानंतर बादलीपेक्षा मोठं पाणी कधी अंगावर आलं नव्हतं.

त्यांनी अनाहेराला खुणेनेच विचारलं, खोल आहे ना? पोरीने त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, वाकून खालचं पाणी मोकळं असल्याची खात्री केली आणि बाकीच्यांना मागे सारलं.

"हीप्स डीप, नॅनी." म्हणजे भरपूर खोल.

सरलाबाई चार पावलं धावल्या. लाकूड संपलं. एवढं उंच त्यांना वाटलं नव्हतं. विहिरीत एव्हाना पाणी आलं असतं, इथं येतच नव्हतं. पण गुडघे आपसूक छातीशी आले, हात त्यांच्याभोवती आवळले गेले. मग कानठळ्या बसाव्यात असा आवाज, आणि थंडी अशी की जणू हजार सुया. डोळे उघडले तर भोवती हिरवा उजेड, आणि स्वतःचेच बुडबुडे वर पळत होते. त्यांनी पायाने पाणी रेटलं.

डोकं बाहेर निघालं तेव्हा धक्क्यावर नुसता कल्ला होता. अनाहेरा दोन्ही हात वर करून चवड्यांवर उभी होती, तरी तिचे हात पुरत नव्हते. शार्दूल गुडघ्यांपर्यंत भिजला होता. सरलाबाईंना बोळकं मिटता येईना.

"आजी, बाजूला हो."

सिद्धी कडेला आली होती. डोळे गच्च मिटलेले, नाक चिमटीत. उडी कसली, काठी टाकावी तशी ती सरळ खाली आली. पाणी वीतभरसुद्धा उडालं नाही, पण पोरांनी तिच्यासाठीही तेवढाच आरडाओरडा केला. ती ठसकत वर आली आणि आजीच्या गळ्यात पडली. सरलाबाईंनी तिला एका हाताने धरून दुसऱ्या हाताने पाणी मारत शिडीपाशी आणलं.

वर शार्दूल टॉवेल पसरून उभा होता. आता कपडे बदला, सर्दी होईल, फेरीला तासभरच उरलाय, असं तो सांगत होता, आणि सांगता सांगता आईकडे असा बघत होता की जणू ती नुकतीच कुणीतरी ओळख करून दिलेली बाई आहे.

सरलाबाईंनी टॉवेल घेतला, सिद्धीच्या खांद्यावर टाकला आणि तशाच निथळत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यापुढे चार जण होते, आणि चौघंही उगाच फार वेळ लावत होते.